वाणातली टिकली

विलास थोरातांनी उभी हयात साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसातली साखर मोजली, पण स्वतःच्या बोटाला सुई लावायची वेळ आली की ते भिंतीकडे तोंड करून बसत. म्हणून ते काम सुवर्णाकडे होतं. रोज सकाळी चहाच्या आधी ती देवघराशेजारच्या फडताळातून बिस्किटांचा जुना डबा काढायची. त्यात ग्लुकोमीटर, स्ट्रिपांची बाटली, टोचायचं पेन आणि कापूस. विलासराव डोळे घट्ट मिटून हात पुढं करायचे. ती तो हात मांडीवर घ्यायची, बोट चोळून ऊब आणायची आणि कडेला टोचायची, कारण मधोमध टोचलं की दिवसभर ठणकतं. थेंब आला की स्ट्रिपला लावायची.

"एकशे अठ्ठेचाळीस," ती सांगायची.

"बरं," म्हणत ते डोळे उघडायचे.

एवढंच. पण ज्या घरात नवरा-बायको गॅस संपला का आणि लाइटचं बिल भरलं का यापलीकडे फारसं बोलत नाहीत, त्या घरात रोज सकाळी थोडा वेळ हात हातात असणं ही काही लहान गोष्ट नव्हे. सुवर्णानं हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. यात सांगण्यासारखं काही आहे हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. ते कळलं, ते काम हातातून गेल्यावर.

आणि ते गेलं टिकलीमुळं.

त्या वस्तूचं खरं नाव चांगलं लांबलचक होतं, पण कराडात सगळे तिला टिकलीच म्हणत. कपाळाच्या टिकलीएवढीच, मागं केसाहून बारीक तार. दंडाच्या मागच्या बाजूला दाबून बसवायची, दोन आठवडे तशीच ठेवायची. ती फोनवर साखरेचा आलेख काढत राहते. मोठ्या शहरांत ती केव्हाच जुनी झाली होती. आता डॉ. शिंगटे यांच्या दवाखान्यातही आली होती, आणि एक नवीन गोष्ट सोबत घेऊन आली होती.

"ही तार रक्तात जात नाही," डॉक्टर दोघांना समोर बसवून सांगत होते. "ती कातडीखालच्या, पेशींच्या मधल्या पाण्यात राहते. रक्तातली साखर त्या पाण्यात उतरायला वेळ लागतो. म्हणजे टिकली आपल्याला सांगते ती बातमी थोडी शिळीच असते. जेवणानंतर साखर चढायला लागली हे कळेपर्यंत ती चढून बसलेली असते. इतकी वर्षं हीच अडचण होती."

"मग?" विलासराव पुढं सरकले. उपकरण म्हटलं की त्यांचं वय कमी व्हायचं.

"मग आता जोड. एकच भाकरी दोघांनी खाल्ली तरी दोघांची साखर सारखी चढत नाही. पोटातले जंतू वेगळे, यकृत वेगळं, झोप वेगळी. पण लाखो लोकांचे आलेख शेजारी शेजारी ठेवले तर एखादा माणूस असा सापडतो, की त्याचा आलेख तुमच्या आलेखावर हुबेहूब बसतो, आणि तो कोण ते तुमच्या तपासण्यांवरूनच निघतं. तो ना नात्यातला, ना गावातला. त्याला जे पचतं ते तुम्हाला पचणार. दोघांनी ठरवून एकच जेवण घ्यायचं, एकानं थोडं आधी. पहिल्याचा आलेख बघून दुसऱ्याला आधीच कळतं की आपलं काय होणार आहे. तुम्हाला गोळ्या आहेत, तुमचं पथ्य सुधारेल. पण ज्यांच्या पोटावर इन्सुलिनचा पॉड, म्हणजे छोटा पंप असतो, त्यांचा पॉड तर जोडीचा आलेख बघून साखर चढायच्या आतच डोस देऊन मोकळा होतो."

"राग आला तरी साखर वाढते म्हणतात," विलासराव म्हणाले.

"वाढतेच. माणूस चिडला, घाबरला की यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. न खाताही आलेख चढतो. तेही जोडीला दिसतं. आणि एक सांगतो, पाकीट जपून ठेवा. ज्याच्या नावाचं पाकीट, त्याच्याच नावानं टिकली बोलते. ती कुणाच्या अंगावर आहे हे तिला कळत नाही."

यातलं बरंचसं सुवर्णाच्या कानावर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही. तिचं सगळं लक्ष डॉक्टरांच्या पडद्यावर होतं. तिथं विलासरावांच्या फोटोशेजारी एक गोल, हसरा चेहरा उमटला होता आणि खाली लिहिलं होतं, निशिगंधा रेडीज, चिपळूण.

"बाई आहे?" तिनं विचारलं.

"साखरेला बाई-पुरुष कळत नाही वहिनी," डॉक्टर हसले. विलासरावही हसले. सुवर्णाला मात्र यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

*

"आज कुळथाचं पिठलं कर," सकाळी फिरून आल्यावर विलासराव सांगायचे. "मॅडमकडं पण तेच आहे. मी साडेअकराला जेवतो, त्या बारानंतर जेवतात. त्यांच्या पॉडला माझा आलेख आधी मिळायला पाहिजे."

"मी भरायला वांगी आणलीत की."

"वांगी उद्या. मॅडमना आज नको आहेत."

आपल्या ओट्यावर आज काय शिजायचं हे कुंभार्ली घाटाच्या पलीकडची बाई ठरवते, हे काही सुवर्णाच्या घशाखाली उतरेना. बाईचं चिपळुणात मसाल्यांचं आणि कोकमाचं दुकान होतं. विलासराव तिला मॅडम म्हणायचे आणि ती त्यांना विलासराव म्हणायची. बोलणं सगळं साखरेचंच असायचं. एखादं गुळगुळीत वाक्य सापडलं असतं तर सुवर्णानं भांडण तरी काढलं असतं. पण "नाचणीनं वीसनंच चढली" या वाक्यावर कोण आणि काय भांडणार?

बिस्किटांचा डबा फडताळात मागं गेला. टिकली बदलायची वेळ दोन आठवड्यांनी यायची, तेवढं काम तिच्याकडं उरलं. रोज सकाळी विलासराव हात पुढं करायचे ते आता फोन उचलायला.

एका दुपारी तर ते भरल्या ताटावरून उठले. "मॅडमची साखर न खाता चढायला लागलीय. काहीतरी बिनसलंय." फोन लावला, विचारपूस झाली. दुकानात कुण्या गिऱ्हाइकाशी वाद झाला होता म्हणे. सुवर्णा हातात वाढायचा डाव धरून उभीच होती. सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं. पहाटे उठून तिनं पाण्याचा तांब्या रिकामा केला होता. पायांना मुंग्या येत होत्या, त्या आता रोजच्याच झाल्या होत्या. हे सगळं इथं, समोर बसून या माणसाला कळलं नाही. आणि तिकडं चिपळुणात एक बाई गिऱ्हाइकावर चिडली, तर याचा घास हातातच राहिला.

तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाव काय, तर म्हणे निशिगंधा," ती रात्रीची भांडी लावताना पुटपुटली. "हळद-तिखट विकणाऱ्या बाईला असलं नाव शोभतं का!"

*

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुवर्णानं जाळीच्या पिशव्या केल्या होत्या. प्रत्येक पिशवीत एक साबणाची वडी, एक कंगवा आणि टिकल्यांचं पाकीट. ओट्या भरायला बायका यायला लागायच्या थोड्या आधी कुरिअरवाला आला आणि विलासरावांच्या नावाचं पाकीट देऊन गेला. विलासराव बायकांच्या गर्दीला भिऊन आधीच नदीच्या घाटावर जाऊन बसले होते.

पाकीट हातात घेऊन ती उभी राहिली. आत दोन टिकल्या. महिनाभराची सोय. म्हणजे महिनाभर तिकडच्या बाईचं पिठलं.

मग तिनं एका जाळीतलं टिकल्यांचं पाकीट काढलं आणि त्याच्या जागी हे ठेवलं. दोन्ही पाकिटं चपटी, दोन्ही चकचकीत. जाळीची गाठ मारली आणि पिशवी बाकीच्यांत मिसळून टाकली. तासाभरात ती कुणाच्या तरी ओटीत गेली. कुणाच्या, ते सुवर्णानं बघितलंही नाही. सवतीला घराबाहेर काढल्यावर ती कुठं गेली याची चौकशी कोण करतं?

विलासराव दोन दिवस दारात कुरिअरची वाट बघत बसले. दंडावरच्या टिकलीची मुदत संपली, तिनं बोलायचं बंद केलं.

"दवाखान्यात विचारलं," ते हताश होऊन म्हणाले. "म्हणतात, पोचलंय असं दिसतंय. नवीन पुढच्याच महिन्यात."

"राहू दे की. आपला डबा आहे," सुवर्णा म्हणाली आणि फडताळाकडे वळली. स्ट्रिपा आता कुणी विकतही नव्हतं, पण तिनं जुन्या मेडिकलवाल्याच्या मागं लागून आदल्याच दिवशी बाटली आणून ठेवली होती.

विलासरावांनी डोळे मिटले, हात पुढं केला. तिनं तो मांडीवर घेतला. बोट गार होतं. ते तिनं नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ चोळलं. थेंब आला.

"एकशे बावन्न."

"बरं," ते म्हणाले, डोळे उघडले, आणि तिच्या हातातून हात सोडवून घेत त्यांनी फोन उचलला. "मॅडम, गुड मॉर्निंग. एकशे बावन्न आहे. हो, हो, आज बोटावर. आलेख नाही ना, म्हटलं तुमची पंचाईत होऊ नये. जेवल्यावर परत टोचतो आणि सांगतो."

सुवर्णा हातात रक्ताचा कापूस घेऊन बसून राहिली. आधी निदान टिकली आणि फोन आपापसात मुकाट्यानं बोलत होते. आता आवाज आला, हसू आलं, गुड मॉर्निंग आलं. आणि आकडा कुणी काढलेला? हिनं. हिनं टोचायचं, हिनं थेंब काढायचा आणि यांनी तो चिपळूणला पोचवायचा. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

*

रथसप्तमीला शेवटचं हळदीकुंकू शैलाताई यादवांकडं होतं. वाणाची गंमत अशी की ते घरात राहात नाही. मिळालं की पुढच्या घरी जातं. कराडात असे काही स्टीलचे डबे आहेत की ज्यांनी गावातले सगळे उंबरठे पाहिले, पण ज्यांत कधी एक लाडू पडला नाही. शैलाताईंनी सुवर्णाच्या हाती जाळीची पिशवी दिली तेव्हा तिनं गाठ ओळखली. स्वतःच मारलेली गाठ. घरी येऊन उघडली. साबण, कंगवा आणि न फोडलेलं पाकीट, त्यावर कुणाच्या तरी हळदीचं बोट.

विलासराव झोपाळ्यावर फोनवर बोलत होते. "नाही नाही मॅडम, कोकमाचं सार आमच्याकडं कुठं तेवढं चांगलं जमतंय!"

सुवर्णानं पाकीट फोडलं.

तिनं काय केलं ते सांगतो, पण त्याआधी एवढं सांगायला पाहिजे की ती वाईट बाई नव्हती. ती जळत होती. जळणाऱ्या माणसाला आपण काय करतोय हे चांगलं कळत असतं, फक्त त्याचं पुढं काय होईल ते दिसत नाही.

"आलं बरं का पाकीट," ती बाहेर येऊन म्हणाली. विलासराव हरखले. दंड पुढं करून त्यांनी डोळे मिटले. मागच्या महिन्यातली संपलेली टिकली तिनं पुसून, तार मोडून तयार ठेवली होती. ती नव्या चिकटपट्टीनं त्यांच्या दंडावर दाबली.

"लागलं का?"

"छे. तुझा हात किती हलका आहे."

हे वाक्य त्यांनी महिनाभर आधी म्हटलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण आता उशीर झाला होता. सुवर्णा न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि जिवंत टिकली तिनं स्वतःच्या दंडाला लावली, ब्लाउजच्या बाहीआड. बघू दे त्या बाईला, या घरात पाणी किती उकळतंय ते.

*

दुसऱ्या दिवशी विलासरावांनी फोन बघितला आणि चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"दोनशे चाळीस? उपाशीपोटी?"

"चोरून काही खाल्लंत का?" सुवर्णानं विचारलं. असं विचारताना तिला मनापासून बरं वाटलं.

"देवाशपथ नाही गं! तिळगुळाची वडीसुद्धा नाही. मीटर काढ बरं, पडताळून बघू."

"स्ट्रिपा संपल्या."

विलासराव दुप्पट फिरायला लागले. आंबिलीत मीठ घालायचंही त्यांनी बंद केलं. आकडा हलेना. ते बिचारे आपल्या अंगात कुठं काय चुकलं ते शोधत राहिले आणि सुवर्णा ओट्याशी उभी राहून त्यांच्या फोनकडे डोळा ठेवून राहिली. ते झोपाळ्यावर मॅडमशी हसून बोलले की आलेख खरंच वर जायचा. तिनं स्वतः पाहिलं होतं. डॉक्टर म्हणाले नव्हते का, चिडलं की साखर चढते? हा तिचा राग होता. रेघ ओढून दाखवलेला. इतकी वर्षं जो या घरातही कुणाला दिसला नाही, तो आता दोन जिल्ह्यांत दिसत होता. तिला जवळजवळ अभिमान वाटला.

फक्त एक गोष्ट तिला कळेना. ती कृष्णामाईच्या देवळात डोळे मिटून बसली होती, मनात राग नाही, काही नाही. घरी येऊन तिनं फोन बघितला तर त्या वेळचीही रेघ वरच होती. इतका मुरलाय का माझा राग, तिला वाटलं. आणि घसा कोरडा पडला म्हणून ती तांब्याभर पाणी प्यायली.

*

रविवारी विलासराव फोन घरीच विसरून फिरायला गेले. फोन वाजला. पडद्यावर गोल, हसरा चेहरा.

घ्यायचा की नाही, या विचारात सुवर्णानं तो घेतला.

"विलासराव?" आवाज थकलेला होता.

"ते नाहीत. मी मिसेस थोरात."

"वहिनी! बरं झालं तुम्हीच मिळालात. विलासराव बरे आहेत ना हो? त्यांना काही झालं नाही ना?"

"त्यांना काय धाड भरलीय," सुवर्णा म्हणाली.

"मग ठीक आहे." पलीकडं एक मोठा श्वास ऐकू आला. "मी शुक्रवारी दुकानात पडले वहिनी. विलासरावांचा आलेख एकदम चढलेला दिसला, पॉडला वाटलं माझीही तेवढीच चढणार, त्यानं जास्तीचा डोस सोडला. माझी काही चढली नाही. आंबिलीनं ती कशी चढणार? एकदम खाली गेली. आमच्या ह्यांनी तोंडात साखरेचं पाणी घातलं म्हणून शुद्धीवर आले. पॉडला मर्यादा असते, नाहीतर निभावलं नसतं. आता काढून ठेवलाय तो."

दवाखान्यात कानावर पडलेलं ते सगळं, पॉड आणि आधीच दिलेला डोस, आत्ता सुवर्णाच्या डोक्यात शिरत होतं. ही बाई तिला ओट्यावरून जायला हवी होती, फोनवरून जायला हवी होती. जगातून जायला नको होती.

"वहिनी, आहात ना?"

"आहे."

"मी पडून पडून तो आलेख बघत्ये दोन दिवस. तो विलासरावांचा नाही. त्यांचा मला पाठ आहे. सकाळी फिरायला गेले की उतरतो, साडेअकराला जेवले की चढतो आणि शहाण्यासारखा खाली येतो. हा आलेख कुणी उठायच्या आधीच चढून बसलेला असतो. अकराच्या सुमारास थोडा थोडा वर जातो, म्हणजे कुणीतरी ओट्याशी उभं राहून चव बघतंय. साडेअकराला हे माणूस जेवत नाही. ते वाढतंय. सगळ्यांचं झाल्यावर, दुपार कलल्यावर जेवतं. आणि तेव्हा जो चढतो ना वहिनी, तो उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून खाल्ल्याशिवाय चढत नाही. मी पण तेच करायचे." जरा थांबून तिनं विचारलं, "टिकली तुमच्या दंडावर आहे ना?"

सुवर्णाचा हात आपोआप बाहीवर गेला. तीस वर्षं एका छपराखाली राहून नवऱ्याला जे दिसलं नाही, ते या बाईनं घाटापलीकडून एका रेघेवरून वाचलं होतं. आणि वाचलं ते नेमकं या बाईनं. याहून मोठा अपमान नव्हता, आणि याहून मोठी माया तिच्या वाट्याला बऱ्याच दिवसांत आली नव्हती. दोन्ही एकदमच आल्यामुळं तिला रडायला आलं.

"माझा राग दिसतोय तो," ती म्हणाली. "तुमच्यावरचा."

पलीकडं हळू हसण्याचा आवाज. "असेल हो. थोडा असेलच. आमचे हे तर विलासरावांचं नाव काढलं की ताट सरकवतात. त्यांच्या मताप्रमाणे मी भर दुकानात परपुरुषाला आज काय जेवलात म्हणून विचारत्ये." मग आवाज बदलला. "पण वहिनी, रागानं चढलेली साखर राग उतरला की खाली येते. ही झोपेतसुद्धा खाली येत नाही. तहान लागते का तुम्हाला खूप? पायांना मुंग्या येतात?"

सुवर्णानं मुंग्या आलेला पाय दुसऱ्या पायानं चोळला.

"तुम्ही विलासरावांचं बोट रोज टोचायचात, मला सांगितलंय त्यांनी. तुमचा हात हलका आहे म्हणाले. तुमचं बोट कधी कुणी टोचलंय का?"

"नाही," सुवर्णा म्हणाली.

*

विलासराव फिरून आले तेव्हा तिनं सगळं सांगितलं. वाणातलं पाकीट, मोडलेली टिकली, बाहीआडची टिकली. सांगताना काही गाळलं नाही.

आधी ते भडकले. "अगं, त्या मेल्या असत्या! काय म्हणून केलंस हे? वेड लागलं होतं का तुला?"

"तुम्ही तिच्याशी बोलत होतात," सुवर्णा म्हणाली. "माझ्याशी नाही."

"साखरेबद्दल बोलत होतो!"

"मग माझ्याशी कशाबद्दल बोलत होतात?"

विलासराव उठले, फडताळाकडं गेले आणि बिस्किटांचा डबा घेऊन आले. स्ट्रिपांची बाटली तळाशी होती, अर्धी भरलेली. त्यांनी तिच्याकडं बघितलं, पण संपल्या म्हणाली होतीस ना असं काही विचारलं नाही.

"बस," ते म्हणाले.

"तुम्हाला जमायचं नाही. घाबरता तुम्ही."

"बस म्हणतो ना."

त्यांनी तिचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला. प्रयोगशाळेत काचेची नळी कधी न फोडणाऱ्या या माणसानं पेन आधी उलटंच धरलं. कपाळावर घाम आला होता.

"कुठल्या बोटाला?"

"करंगळीशेजारच्या. आधी चोळा, गार आहे. मधोमध नको, कडेला. ठणकतं."

त्यांनी चोळलं. फार वेळ चोळलं. मग पहिल्यांदाच, डोळे उघडे ठेवून, टोचलं. थेंब आला. स्ट्रिपला लागला. दोघं मीटरकडं बघत राहिले.

दोनशे अडुसष्ट.

विलासराव "बरं" म्हणाले नाहीत. फोनही उचलला नाही. तिचा हात तसाच धरून बसले, कापूस लावायचंसुद्धा विसरले, आणि रक्ताचा थेंब सुकून गेला.

*

डॉ. शिंगटे यांनी सुवर्णाला गोळ्या सुरू केल्या आणि बरंच रागावले. टिकली द्यायचं ठरलं. तपासण्यांवरून तिचीही जोड निघाली. पडद्यावर तिच्या फोटोशेजारी पांढऱ्या मिशांचा एक उमदा चेहरा उमटला. मिरजेचे कुणी दस्तगीर मास्तर, तंबोरे बनवायचे.

"मास्तर म्हणजे?" विलासरावांनी लगेच विचारलं. "शिकवतात का? गातात पण का?"

"साखरेला गाणं कळत नाही," डॉक्टर म्हणाले.

घरी येताना विलासराव फारसं बोलले नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "मिशा जरा जास्तच आहेत माणसाला." सुवर्णा खिडकीबाहेर बघत राहिली, कारण हसू दाबायला दुसरी जागा नव्हती.

निशिगंधाला तिनं स्वतः भरल्या वांग्यांची कृती कळवली. बाईनं ती केली, साखर जपून चढली, आणि सुवर्णाला त्याचा आनंद झाला. थोडी जळजळही झाली. सगळी एकदम जात नाही.

तिच्या टिकलीच्या पाकिटाची मात्र आठवडा उलटला तरी वाट बघणं चाललं होतं.

"नाही आलं अजून कुरिअर," विलासराव सकाळी बिस्किटांचा डबा काढत म्हणायचे. "काय बेजबाबदार लोक आहेत."

आज चहाची पूड संपली म्हणून सुवर्णानं वरच्या फळीवरचा मोठा डबा खाली घेतला. डब्यामागं एक चपटं, चकचकीत पाकीट ठेवलेलं होतं. तिच्या नावाचं. त्यावरची तारीख गेल्या सोमवारची होती.

तिनं पाकीट होतं तसं ठेवलं, डबा त्याच्यापुढं नीट सरकवला आणि बाहेर आली.

"आलं नाही का हो कुरिअर?" तिनं विचारलं.

"छे," विलासराव मीटरकडं बघत म्हणाले. "उद्या विचारतो दवाखान्यात."

"विचारा," सुवर्णा म्हणाली. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली, आणि डोळे मिटून हात पुढं केला.